रंगाचा शेजार : भोवतालच्या छटा रंग कसा बदलतात

लंडनच्या रॉयल अकॅडमीत १८३२ सालच्या प्रदर्शनाची तयारी चालू असताना दोन चित्रे एकमेकांशेजारी टांगली गेली. एक होते जॉन कॉन्स्टेबल यांचे, वॉटर्लू पुलाच्या उद्घाटनाचे, हिंगुळी आणि लाखी तांबड्यांनी भरलेले. दुसरे जे. एम. डब्ल्यू. टर्नर यांचे, करड्या समुद्राचे, ज्यात ठळक म्हणावा असा एकही रंग नव्हता. प्रदर्शन खुले होण्याआधी चित्रांवर शेवटचा हात फिरवण्यासाठी चित्रकारांना काही दिवस मिळत. कॉन्स्टेबल आपल्या चित्रातले तांबडे रंग खुलवत असताना टर्नर मागे येऊन उभे राहिले, त्यांनी दोन्ही चित्रांकडे आळीपाळीने पाहिले, मग रंगपाटी आणली आणि आपल्या करड्या समुद्रावर नाण्याहून थोडा मोठा असा शेंदराचा एक गोल ठिपका लावून ते एक शब्दही न बोलता निघून गेले. तेवढ्याने शेजारच्या चित्रातले सगळे तांबडे रंग निस्तेज वाटू लागले. दीड दिवसाने टर्नर परत आले आणि त्या ठिपक्याला त्यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा आकार दिला.

हा प्रसंग बहुधा दोन थोर चित्रकारांच्या चढाओढीची गोष्ट म्हणून सांगितला जातो. मला मात्र तो रंगाविषयीचा एक नेमका प्रयोग वाटतो. कॉन्स्टेबल यांच्या कॅनव्हासवरचा हिंगूळ त्या दिवशी रेणूभरही बदलला नव्हता, आणि टर्नर यांचा शेंदूर दुसऱ्या कोणाच्याही शेंदरापेक्षा निराळा नव्हता. बदलला होता तो शेजार. थंड करड्या पाण्याच्या मोठ्या विस्तारात एकटा पडलेला शेंदरी ठिपका जितका पेटतो, तितका तोच ठिपका इतर लाल-नारिंगी रंगांच्या गर्दीत पेटत नाही. असे का होते, डोळा आणि मेंदू नेमके काय करतात, आणि चित्रकार त्याचा उपयोग कसा करून घेतात, हे समजून घेतले की चित्राकडे पाहण्याची रीत कायमची बदलते.

आधी स्वतः करून पाहण्यासारखा एक साधा प्रयोग. एकाच करड्या कागदातून दोन सारखे लहान चौकोन कापावेत. एक चौकोन काळ्या कागदाच्या मध्यभागी ठेवावा, दुसरा पांढऱ्या कागदाच्या, आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी मांडावेत. काळ्यावरचा चौकोन उजळ दिसेल आणि पांढऱ्यावरचा गडद. दोन्ही एकाच कागदाचे आहेत हे आपल्याला पक्के ठाऊक असते, तरीही फरक दिसायचा थांबत नाही. या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट येथेच कळते : हा अज्ञानामुळे होणारा गैरसमज नाही, त्यामुळे तो माहितीने दूर होत नाही. आता तेच चौकोन एक लाल आणि एक हिरव्या कागदावर ठेवावेत. लालवरच्या करड्यात किंचित हिरवट झाक दिसू लागते आणि हिरव्यावरच्या करड्यात गुलाबी. झाक फार पुसट वाटली तर दोन्हींवर पातळ, अर्धपारदर्शक कागद पसरावा. रंग फिके होतील, कडा मऊ होतील, आणि आश्चर्य असे की करड्यातली ती परकी झाक कमी होण्याऐवजी अधिक स्पष्ट होईल. यामागचे कारण पुढे येईलच.

शब्दांचा घोळ होऊ नये म्हणून येथे तीन गोष्टी वेगळ्या करून घेणे बरे. रंग म्हणताना आपण खरे तर तीन गुण एकत्र बोलत असतो. पहिला गुण रंगछटेचा, म्हणजे तो लाल आहे, पिवळा आहे की निळा. दुसरा उजळपणाचा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पट्टीवर तो कोठे बसतो. चित्रकार यालाच टोन म्हणतात. तिसरा तीव्रतेचा, म्हणजे तो रंग किती निखळ आहे आणि किती करडेपणाकडे झुकलेला आहे. शेजारचा रंग या तिन्ही गुणांवर परिणाम करतो, आणि सर्वसाधारण नियम असा की तो आपल्यापासून दूर ढकलतो. गडद शेजार रंगाला उजळ करतो आणि उजळ शेजार गडद करतो. तीव्र शेजारामुळे रंग मंद होतो आणि करड्या शेजारात तीव्र. रंगछटेच्या बाबतीत शेजार आपल्या विरुद्ध बाजूची झाक देतो. रंगछटा क्रमाने वर्तुळात मांडल्या की रंगचक्र तयार होते; त्यात समोरासमोर बसणाऱ्या रंगांना विरोधी किंवा पूरक रंग म्हणतात. लाल रंग शेजाऱ्यावर हिरवट झाक टाकतो, निळा नारिंगी झाक टाकतो आणि पिवळा जांभळट.

हा नियम पद्धतशीरपणे मांडला तो एका रसायनशास्त्रज्ञाने, आणि त्याला तो एका तक्रारीतून सापडला. मिशेल युजेन शेव्रल हे १८२४ साली पॅरिसच्या गोब्लां या राजाश्रयी विणकामशाळेत रंगाई विभागाचे संचालक झाले. भिंतीवर टांगायचे भव्य सचित्र पडदे तेथे विणले जात. निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांसाठी वापरली जाणारी काळी लोकर पुरेशी काळी दिसत नाही, तिच्यात जोर नाही, अशी तक्रार होती. शेव्रल यांनी प्रथम रसायनशास्त्रज्ञाने करावे तेच केले : इतर ठिकाणी रंगवलेल्या काळ्या लोकरीशी गोब्लांची लोकर ताडून पाहिली. गोब्लांच्या रंगात काही उणे निघाले नाही. तेव्हा त्यांचे लक्ष काळ्या धाग्यावरून त्याच्या शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांकडे वळले. जांभळ्याच्या सान्निध्यात काळ्यावर पिवळट झाक चढत होती, निळ्याच्या सान्निध्यात नारिंगी, आणि अशी उबदार झाक चढलेला काळा मळकट आणि दुबळा दिसत होता. दोष रंगाऱ्याच्या कढईत नव्हता, पाहणाऱ्याच्या डोळ्यात होता; आणि तो दोष नव्हताच, ते डोळ्याचे नेहमीचे काम होते.

शेव्रल यांनी पुढची कितीतरी वर्षे कागदाच्या आणि कापडाच्या पट्ट्या शेजारी शेजारी मांडून निरीक्षणे केली आणि १८३९ साली ती सविस्तर प्रसिद्ध केली. दोन रंग एकाच वेळी शेजारी पाहिल्यामुळे दोघांतला फरक वाढलेला दिसण्याला त्यांनी जे नाव दिले, त्याला मराठीत समकालिक विरोध म्हणता येईल. एक रंग बराच वेळ पाहून मग नजर पांढऱ्या भिंतीकडे वळवली की त्याच्या विरोधी रंगाचा डाग तरंगताना दिसतो. तो झाला क्रमाने येणारा विरोध. दोन्ही एकाच कुळातले आहेत, पण चित्रकाराला पहिला अधिक छळतो, कारण तो चित्राच्या प्रत्येक इंचावर, प्रत्येक क्षणी चालू असतो.

आता डोळ्याकडे वळू. आपल्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि सुमारे ६० लाख शंकुपेशी असतात. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या चेतातंतूंची संख्या मात्र साधारण १० लाखच असते. प्रत्येक पेशीने टिपलेला प्रकाश जसाच्या तसा वर पाठवणे शक्यच नसते, म्हणून डोळ्याचा पडदा स्वतःच निवड करतो. एखाद्या बिंदूवर किती प्रकाश पडला यापेक्षा तेथला प्रकाश आजूबाजूच्या प्रकाशाहून किती वेगळा आहे, ही बातमी तो पुढे धाडतो. त्यासाठी शेजारच्या पेशी एकमेकींना दाबतात : एका ठिकाणी प्रकाश जास्त पडला तर तेथून आजूबाजूच्या पेशींच्या संदेशाला आवर घातला जातो. पांढऱ्या कागदावरच्या करड्या चौकोनाच्या चहूबाजूंनी भरपूर प्रकाश येत असतो, त्यामुळे चौकोनाचा संदेश अधिक दबतो आणि तो गडद दिसतो. काळ्यावरच्या चौकोनाला दाबणारे फारसे कोणी नसते. या परस्परदाबाचा शोध हॅल्डन हार्टलाइन यांनी नालखेकड्याच्या डोळ्यावर प्रयोग करून घेतला, आणि दृष्टीविषयीच्या त्यांच्या कामासाठी १९६७ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

रंगाच्या बाबतीतही अशीच जोडीची रचना आहे. तीन प्रकारच्या शंकुपेशींकडून आलेले संदेश मेंदूकडे जाताना लाल विरुद्ध हिरवा, निळा विरुद्ध पिवळा आणि उजेड विरुद्ध अंधार अशा जोड्यांत मांडले जातात. जोडीतले एक पारडे भोवताली खाली गेले की मध्यभागी दुसरे पारडे वर येते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ एवाल्ड हेरिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कल्पना मांडली तेव्हा तिला शरीररचनेचा पुरावा नव्हता. तो विसाव्या शतकात मिळाला. येथे एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण चित्रकलेच्या वर्गात तो बहुधा राहून जातो. चित्रकाराच्या रंगचक्रातल्या विरोधी जोड्या आणि डोळ्याच्या जोड्या तंतोतंत जुळत नाहीत. चक्रात पिवळ्यासमोर जांभळा असतो, तर डोळ्याच्या हिशेबात पिवळ्याचा विरोधी निळ्याच्या अधिक जवळचा. लालचा विरोधी शुद्ध हिरव्यापेक्षा निळसर हिरव्याकडे झुकणारा. चित्र काढताना चक्र पुरेसे असते, पण करड्यात दिसणारी झाक चक्राशी तंतोतंत जुळली नाही तर आपल्या डोळ्यांवर शंका घेऊ नये.

समकालिक विरोधाचा सर्वांत सुंदर उपयोग मला तीव्र रंगांत दिसत नाही, करड्यांत दिसतो. काळा आणि पांढरा मिसळून केलेला साधा करडा घ्यावा आणि तो उबदार तपकिरी, गेरूसारख्या रंगांच्या मध्ये ठेवावा; तो निळा दिसू लागतो. स्वीडिश चित्रकार आंडर्स झोर्न यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रंगपाटीवर चारच रंग असतात : पांढरा, काळा, पिवळी माती आणि हिंगूळ. तिच्यावर निळा रंग नाही. तरीही या चार रंगांत काढलेल्या व्यक्तिचित्रात डोळ्यांखालची निळसर छाया दिसते, थंड प्रकाश दिसतो, कधी निळा पोशाखही दिसतो. हे सगळे निळे काळ्यातून येतात आणि भोवतालच्या उबदार रंगांच्या जोरावर उभे राहतात. तोच करडा चित्रातून उचलून निळ्या कागदाशेजारी धरला तर त्याचे निळेपण क्षणात नाहीसे होईल. खरा निळा वापरला असता तर तो अशा चित्रात किंचाळला असता; उसना निळा मात्र शेजाऱ्यांशी जमवून घेतो, कारण तो त्यांच्यातूनच निर्माण झालेला असतो.

छायेचा रंग हाही याच घराण्यातला प्रश्न. संध्याकाळच्या मंद उजेडात पांढऱ्या कागदावर एक पेन्सिल उभी धरावी आणि एका बाजूला मेणबत्ती लावावी. मेणबत्तीने पडलेल्या सावलीत खिडकीतला उजेडच तेवढा पोहोचत असतो, आणि ती सावली लख्ख निळी दिसते. जर्मन कवी गटे यांनी १८१० साली प्रसिद्ध केलेल्या रंगविषयक लेखनात अशा रंगीत सावल्यांचे बारकाईने वर्णन केले आहे. मेणबत्तीच्या पिवळ्या उजेडाने माखलेल्या कागदाच्या तुलनेत सावलीतला प्रकाश थंड असतो, आणि भोवतालचे पिवळेपण त्याला आणखी निळ्याकडे ढकलते. क्षणिक प्रकाश आणि रंग टिपणाऱ्या, एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधल्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांनी उन्हातल्या सावल्या निळ्या-जांभळ्या रंगवल्या तेव्हा अनेक प्रेक्षकांना तो विक्षिप्तपणा वाटला. प्रत्यक्षात ते जे दिसते तेच रंगवत होते. सावलीत काळा मिसळण्याची सवय ही पाहण्यातून आलेली नसून वस्तूचा ठाऊक असलेला रंग गडद करण्यातून आलेली आहे.

उजळपणाचा आणि रंगछटेचा परिणाम एकमेकांत गुंतलेला असतो, आणि पातळ कागदाच्या प्रयोगाचे उत्तर येथे सापडते. दोन शेजारी रंगांच्या उजळपणात फरक मोठा असेल तर डोळा त्या फरकातच अडकतो आणि रंगछटेतला विरोध मागे पडतो. उजळपणा जवळपास सारखा झाला की रंगछटेतला विरोध पुढे येतो. अर्धपारदर्शक कागदाने उजळपणातला फरक कमी केला, कड पुसट केली आणि म्हणूनच करड्यातली झाक वाढली. क्लोद मोने यांचे १८७२ चे सूर्योदयाचे चित्र, ज्याच्या नावावरून इम्प्रेशनिझम हा शब्द आला, या बाबतीत फार बोलके आहे. त्यातला नारिंगी सूर्य निळसर करड्या धुक्यात जणू धडधडत असतो. पण त्या चित्राचे कृष्णधवल छायाचित्र पाहिले तर सूर्य जवळजवळ दिसेनासा होतो, कारण त्याचा उजळपणा आभाळाच्या उजळपणाइतकाच ठेवलेला आहे. हार्वर्डच्या मज्जाशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टोन यांनी याचे स्पष्टीकरण असे दिले आहे की वस्तू कोठे आहे आणि हलते आहे की नाही हे ठरवणारा मेंदूचा भाग रंगाबाबत जवळपास आंधळा असून उजळपणावरच चालतो. त्याला तो सूर्य सापडत नाही, तर रंग पाहणाऱ्या भागाला तो ठसठशीत दिसतो. या विसंगतीमुळे सूर्य एका जागी ठरत नाही. मोने यांनी सूर्य आभाळाहून उजळ रंगवला असता तर तो अधिक खरा ठरला असता आणि अधिक निर्जीव दिसला असता.

व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी १८८८ साली रात्रीच्या कॅफेचे चित्र काढताना लाल भिंती आणि हिरवे छत अशी जोडी जाणूनबुजून घेतली आणि माणसाच्या भयंकर वासना या लाल-हिरव्यातून व्यक्त करायच्या आहेत असे भावाला पत्रातून कळवले. तेथे विरोध सौंदर्यासाठी नाही, अस्वस्थ करण्यासाठी आहे. नियम तोच, हेतू निराळा.

येथवर एकच दिशा सांगितली : शेजार दूर ढकलतो. पण याच्या नेमकी उलट घटनाही घडते, आणि सोप्या पुस्तकांतून ती बहुधा गाळली जाते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आणि हवामानशास्त्रज्ञ विल्हेल्म फॉन बेत्सोल्ड यांच्या लक्षात आले की गालिच्याच्या नक्षीतला एकच रंग बदलला तर सगळ्या गालिच्याचा रंगभाव बदलतो, आणि तो दूर ढकलला न जाता त्या रंगाच्या दिशेने ओढला जातो. लाल जमिनीवर बारीक काळ्या रेघा मारल्या तर लाल गडद दिसतो आणि पांढऱ्या रेघा मारल्या तर फिकट. विरोधाच्या नियमाप्रमाणे हे उलट व्हायला हवे होते. फरक आकारमानाचा आहे. रंगाचे पट्टे मोठे असतील तर डोळा त्यांना वेगळे काढून त्यांच्यातला फरक वाढवतो. ते बारीक आणि दाट असतील तर डोळा त्यांना एकमेकांत मिसळवून टाकतो. पहिल्याला विरोध म्हटले तर दुसऱ्याला सामावणे म्हणता येईल. चित्रापासूनचे अंतर वाढले की प्रत्येक ठिपका डोळ्यासाठी लहान होत जातो, त्यामुळे एकच चित्र जवळून विरोधाचे आणि लांबून सामावण्याचे असू शकते.

रंगाच्या बारीक ठिपक्यांनी चित्रे रंगवणारे फ्रेंच चित्रकार जॉर्ज सोरा यांचे चित्र हा या दोन्ही शक्तींमधला झगडा आहे, असे माझे मत आहे. शेव्रल यांचे सिद्धांत त्यांनी मनापासून अभ्यासले होते. शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी ठेवले तर ते रंगपाटीवर मिसळलेल्या रंगापेक्षा अधिक तेजस्वी दिसतील, ही त्यांची आशा होती. पण विरोधी रंगांचे बारीक ठिपके लांबून पाहिले की डोळ्यात मिसळतात आणि करड्याकडे झुकतात. तेज वाढण्याऐवजी मऊ, धूसर चकाकी उरते. त्यांच्या चित्रांतली ती स्तब्ध, रुपेरी हवा बऱ्याच अंशी यातूनच आली असावी. विरोधाचा नियम ते जेथे मोठ्या आकारांवर वापरतात तेथे परिणाम जबरदस्त होतो. लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेल्या, आस्निएर येथील स्नानाच्या १८८४ च्या चित्रात आकृतींच्या कडा पाहाव्यात : पाठीचा भाग उजळ असेल तेथे मागचे पाणी किंचित गडद केलेले आहे, आणि अंगाचा भाग छायेत असेल तेथे मागचे पाणी किंचित उजळ. डोळा जो फरक आपोआप वाढवतो, तो सोरा यांनी हाताने आणखी थोडा वाढवला आहे. आकृतीला बाह्यरेषा न काढताही ती पार्श्वभूमीपासून सुटून उभी राहते.

छायाभेदाची पट्टी ज्याने कधी रंगवली असेल त्याला ही कड ओळखीची वाटेल. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नऊ चौकटी एकसारख्या भरल्या तरी प्रत्येक चौकट सपाट दिसत नाही. गडद शेजाऱ्याच्या बाजूला ती उजळ आणि उजळ शेजाऱ्याच्या बाजूला गडद भासते, जणू प्रत्येक पट्टीत एक पन्हळ आहे. नवशिके विद्यार्थी ती असमानता आपल्या हाताची चूक समजून पुन्हा पुन्हा रंग लावत बसतात. शेजारच्या चौकटी कागदाने झाकल्या की पन्हळ नाहीशी होते आणि रंग आधीपासूनच सपाट होता हे कळते.

एवढे सगळे केवळ डोळ्याच्या पडद्यावर घडत नाही, हे दाखवणारी काही उदाहरणे आहेत. १९७९ साली मायकेल व्हाइट यांनी दाखवलेल्या आकृतीत काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्या असतात. काही काळ्या पट्ट्यांचा तुकडा काढून तेथे करडा घातलेला असतो आणि काही पांढऱ्या पट्ट्यांच्या जागीही तोच करडा. काळ्या पट्टीतल्या करड्याच्या वर-खाली पांढरे असते, तेव्हा तो गडद दिसायला हवा. प्रत्यक्षात तो स्पष्टपणे उजळ दिसतो. कोणता रंग किती लांब कडेने चिकटला आहे एवढ्यावर हे ठरत नाही. करडा कोणत्या पट्टीचा भाग आहे असे मेंदूला वाटते, त्यावर ठरते. एडवर्ड एडेल्सन यांनी १९९५ मध्ये तयार केलेल्या सोंगट्यांच्या पटाच्या चित्रात एका दंडगोलाची सावली पटावर पडलेली असते. सावलीतला ‘पांढरा’ चौकोन आणि उन्हातला ‘काळा’ चौकोन यांचा करडा अगदी एक असतो, पण ते पटत नाही. सावलीत असूनही जर हा चौकोन इतका प्रकाश परत पाठवत असेल तर तो मुळात पांढराच असला पाहिजे, असा हिशेब मेंदू आपल्या नकळत करून टाकतो.

चित्रकाराच्या दृष्टीने हे उदाहरण सोन्यासारखे आहे. सावलीतला पांढरा सदरा आणि उन्हातली गडद भिंत यांत प्रत्यक्ष उजळपणा बहुधा भिंतीचा जास्त असतो. पण मेंदूने सदरा ‘पांढरा’ ठरवून टाकलेला असल्यामुळे हात फिकट रंगाकडे जातो, आणि सावलीतली सगळी जागा खडूसारखी पांढुरकी होऊन प्रकाशाचा भासच मरतो. डोळे किलकिले करून पाहणे, कार्डाला भोक पाडून त्यातून एकच जागा पाहणे, चित्र आरशात किंवा कृष्णधवल छायाचित्रात पाहणे, या जुन्या युक्त्यांचा हेतू एकच असतो : रंगाला त्याच्या शेजारापासून क्षणभर तोडणे. भोकातून दिसणारा सावलीतला पांढरा किती गडद आहे हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी ते कार्ड तीन वेळा सरकवून खात्री केली होती. मात्र भोकातून पाहिलेला रंग जसाच्या तसा कॅनव्हासवर ठेवणे हाही उपाय नाही, कारण तेथे त्याला वेगळा शेजार मिळणार असतो.

सर्वांत फसवा शेजार म्हणजे कोरा पांढरा कॅनव्हास. त्यावर लावलेला पहिला रंग, कोणताही असो, गडद आणि तीव्र वाटतो. म्हणून चित्रकार तो फिकट करतो, आणि शेवटी सगळा पांढरा झाकला गेला की चित्र अकारण फिके पडलेले दिसते. जुने चित्रकार कॅनव्हासला आधी करडा किंवा मातकट रंगाचा पातळ हात देत, त्याचे हे एक मोठे कारण आहे. मधल्या टोनच्या जमिनीवर उजळ रंग उजळ दिसतो आणि गडद रंग गडद, म्हणजे निर्णय पहिल्या फटकाऱ्यापासून खऱ्या तराजूवर होतो. रंगपाटीही जमिनीच्याच रंगाची असेल तर आणखी सोपे जाते. पांढऱ्या पाटीवर ठरवलेला रंग तपकिरी कॅनव्हासवर गेला की बदलतोच. संगणकावर छायाचित्रांचे रंग ठरवणाऱ्या आज्ञावल्यांचा पडदा बहुधा उदासीन करडा ठेवलेला असतो, तोही याच कारणाने. अनेक शिक्षक कोपऱ्यातून सुरू करून एकेक भाग पुरा करण्याऐवजी सगळ्या कॅनव्हासवर मोठे मोठे डाग आधी ठेवायला सांगतात. शेजार तयार झाल्याशिवाय कोणताही एक रंग बरोबर की चूक हे ठरवताच येत नाही, हे त्यामागचे कारण बरेचदा सांगायचे राहून जाते.

हा सगळा विषय एका माणसाने आयुष्यभराचे काम केला. चित्रकार आणि कलाशिक्षक योसेफ आल्बर्स यांनी १९५० साली चौकोनांची एक चित्रमालिका सुरू केली आणि १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती चालू ठेवली. हजाराहून अधिक चित्रे त्यांनी त्यात केली. प्रत्येक चित्रात तीन किंवा चार चौकोन एकात एक बसवलेले, बाकी काही नाही. रंग बहुतेक वेळा ट्यूबमधून काढून सुरीने सरळ लावलेले, आणि कोणत्या कंपनीचा कोणता रंग वापरला ते चित्राच्या मागे लिहून ठेवलेले. म्हणजे जे काही मिश्रण होते ते पाहणाऱ्याच्या डोळ्यातच व्हायचे. मधला चौकोन कधी पुढे येतो, कधी खोल जातो, कधी त्याच्या कडेला असा रंग दिसतो जो मागच्या यादीत लिहिलेलाच नसतो. विद्यार्थ्यांना ते रंगीत कागद देत आणि एक रंग दोन रंगांसारखा दाखवा, दोन रंग एकासारखे दाखवा, असे अभ्यास करायला लावत. दुसरा अभ्यास पहिल्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे, आणि तो एकदा जमला की रंग पाहण्यात आलेला फरक पुसला जात नाही. कोणालाही घरबसल्या करता येतील असे हे अभ्यास आहेत. मी रंगवण्याऐवजी कागदच वापरावेत असे सुचवेन, कारण रंगवलेल्या दोन चौकोनांबाबत ते खरेच सारखे आहेत का ही शंका राहते, एकाच कागदाच्या तुकड्यांबाबत ती राहत नाही.

शेजार चित्राच्या कडेशी संपत नाही. सोनेरी चौकट चित्रातल्या पिवळ्यांचा जोर कमी करते आणि निळ्यांना उठाव देते. इम्प्रेशनिस्ट चित्रकारांनी म्हणूनच पांढऱ्या आणि रंगीत चौकटी वापरून पाहिल्या, आणि सोरा यांनी तर आपल्या ग्रांद जात बेटावरच्या रविवारच्या चित्राला नंतर चहूबाजूंनी ठिपक्यांची एक पट्टी रंगवली, जिचा रंग लगतच्या भागाला विरोध देईल असा जागोजागी बदलत जातो. १८८४ ते १८८६ या काळात रंगवलेले, साधारण दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद असे ते चित्र आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्यात सोरा यांनी जस्ताचा एक नवा पिवळा रंग वापरला होता. तो टिकाऊ निघाला नाही. काही वर्षांतच तो काळवंडून तपकिरी होऊ लागला. हिरवळीवर उन्हाचे कण म्हणून ठेवलेले पिवळे आणि नारिंगी ठिपके आज मातकट दिसतात, आणि त्यांच्या आधाराने उजळायचे जे निळसर हिरवे होते, त्यांच्यातले रंगद्रव्य जेथे तसेच टिकले आहे तेथेही सोरा यांना दिसलेला हिरवा आता दिसत नाही.